गाडी भरण्याआधी: ट्रक-ट्रेलरच्या वजन-मापांचे नियम, नव्या मालकांसाठी

नवी गाडी दारात लागली की पेढे खाता खाता जो तो एकच विचारतो, "किती टन मारते?" शोरूमवाला एक आकडा सांगतो, ड्रायव्हर दुसरा, आणि खडी क्रशरवरचा मुकादम हसत हसत तिसराच. इंजिन किती ओढतं, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) किती सोसतात आणि कायद्याने किती भरता येतं, हे तीन वेगळे आकडे आहेत. आजकालच्या गाड्या कायद्याच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतात, त्यामुळे नवख्या मालकाला वाटतं की गाडी चालतेय म्हणजे सगळं ठीक आहे. खाली जे लिहिलंय ते फक्त कायद्याच्या आकड्याबद्दल आहे. तो कुठे सापडतो, त्याप्रमाणे माल कसा भरायचा आणि काट्यावर काय बघायचं, हे त्याच क्रमाने घेऊ.

पायरी १: आरसी उघडा

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, दोन वजनं छापलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं मालासकट एकूण, म्हणजे जीव्हीडब्ल्यू. आपल्या धंद्यात "गाडी किती पासिंग आहे" असं विचारतात, ते बहुतेकदा या दुसऱ्या आकड्याबद्दल. कागद हाताशी नसेल तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. दुसऱ्यातून पहिला वजा केला की माल किती भरता येईल ते कळतं.

हे आकडे येतात कुठून? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५८ खाली केंद्र सरकार प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, किती वजन चालेल ते ठरवतं. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने या मर्यादा बऱ्याच वाढवल्या. सहा टायरचा ट्रक आधी १६.२ टनांवर थांबायचा, तो १८.५ टनांवर गेला. तीन ॲक्सलची, म्हणजे दहा टायरची गाडी २५ वरून २८.५ वर गेली, पाच ॲक्सलची ३७ वरून ४३.५ वर. ट्रॅक्टर-ट्रेलर जोडीची (ट्रॅक्टर म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची केबिनची गाडी) वरची हद्द ४९ होती, ती ५५ टन झाली.

पण हे आकडे पाठ करून कोणी गाडी भरायला घेऊ नये. अधिसूचनेत असते ती कमाल हद्द. कंपनीने मॉडेल मंजूर करून घेताना त्याहून कमी वजन घेतलं असेल, तर तुमच्यासाठी तेच खरं. दहा टायरच्या कितीतरी गाड्यांच्या आरसीवर २८ टन असतं, २८.५ नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तर डोळ्यांत तेल घालून बघावं. त्याच कंपनीची, तशीच दिसणारी २०१८ च्या आधीची गाडी १६.२ टन पासिंग असू शकते. दलाल तोंडाने "साडेअठरा" म्हणाला, तरी नाक्यावर आरसीच वाचली जाते.

पायरी २: रिकामी गाडी एकदा काट्यावर घाला

ही पायरी जवळजवळ सगळे टाळतात. चेसिस घेतली, बॉडी बांधून घेतली, पासिंग झालं. मग वर्षभरात डाल्याच्या (माल भरायच्या मागच्या भागाच्या) फळ्यांवर लोखंडी पत्रा बसतो, फाळका (मागची उघडणारी फळी) उंच होतो, टूलबॉक्स येतो, केबिनवर सामानाचा कठडा, मागे जादा स्टेपनी, एक पाण्याची टाकी. प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटते, पण मिळून तीन-चारशे किलो सहज होतात.

आणि हे फक्त हिशोबापुरतं नाही. कलम ११३ नुसार रिकाम्या गाडीचं वजन आरसीवरच्या आकड्यापेक्षा जास्त भरलं तर तोही गुन्हाच, मग गाडीत एक पोतं नसलं तरी. शिवाय आरटीओच्या परवानगीशिवाय बॉडीत फेरफार करणं कलम ५२ मध्ये अडकतं ते वेगळंच.

तेव्हा डिझेल टाकी भरून, ताडपत्री, दोर, जॅक, साखळ्या सगळं घेऊन गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे पूर्ण गाडी तोलणाऱ्या वजनकाट्यावर, न्या. ड्रायव्हर-क्लीनरचं वजन कायद्याने "रिकामं वजन" या व्याख्येत धरत नाहीत, पण भरलेली गाडी काट्यावर उभी राहते तेव्हा त्यांचा वाटा असतोच. दोन माणसं म्हणजे दीडशे किलो. ३०० लिटर डिझेल म्हणजे साधारण अडीचशे किलो. पावती जपून ठेवा, आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटातच.

उदाहरण घेऊ. आरसीवर एकूण १८,५०० किलो, रिकामं ६,९०० किलो. कागदावर माल ११,६०० किलो. दोन माणसं वजा करा, काटा थोडा इकडेतिकडे होईल तेवढी जागा सोडा. मी अशा गाडीत ११ टनांच्या वर भाडं घेत नाही. वरचे पाच-सहाशे किलो सोडून देणं नव्या माणसाला जिवावर येतं, पण एका काट्यावर बरोबर दिसलेली गाडी पुढच्या काट्यावर शंभर-दोनशेने वर दाखवते, हा अनुभव या धंद्यात प्रत्येकाच्या गाठीशी आहे.

पायरी ३: ब्रास, पोती आणि नग यांचे टन करा

कायदा टनांत बोलतो, गिऱ्हाईक ब्रासमध्ये. खरा घोटाळा इथे होतो.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन धरली तर एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास जातो. ओली वाळू याहून जड. आता वरचीच गाडी घ्या. गिऱ्हाईक म्हणतं "तीन ब्रास टाका." तीन ब्रास म्हणजे साडेतेरा टन, तेही वाळू कोरडी असेल तर. अकरा टनांच्या गाडीत अडीच टन जास्त. अडीच ब्रासलाही ती काठावर येते. डाला मात्र तीन ब्रास आरामात गिळतो, आणि अर्धवट भरलेला डाला बघून गिऱ्हाईक कुरकुरतं. ते ऐकून घ्यायची सवय लावून घ्या. डाल्याचं माप आणि पासिंगचं वजन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पोत्यांचं सोपं. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे टनाला २० गोण्या, ११ टनांना २२०. कांद्याच्या गोणीचं वजन मात्र व्यापारी सांगेल ते धरू नका, दोन-चार गोण्या तोलून बघा. सळईला तर प्रति मीटर वजन ठरलेलंच आहे: १२ मिमीची मीटरला ०.८८८ किलो, १६ मिमीची १.५८ किलो. नग मोजता आले की काट्याआधीच वजन कळतं.

पायरी ४: ॲक्सलचं गणित

एकूण वजन आत बसलं म्हणजे सुटलो, असं नाही. मर्यादा ॲक्सलवर आहे. २०१८ च्या हिशोबाने पुढच्या दोन टायरच्या ॲक्सलला साधारण ७ टन, मागच्या चार टायरच्या एकेरी ॲक्सलला ११.५ टन, मागे जोड-ॲक्सल (लगतचे दोन ॲक्सल) असेल तर दोन्ही मिळून २१ टन, आणि ट्रेलरच्या तीन ॲक्सलच्या गटाला २७ टन. सात आणि साडेअकरा मिळून साडेअठरा. सात, एकवीस आणि सत्तावीस मिळून पंचावन्न. वरचे एकूण आकडे साधारण कुठून आले ते यातून दिसेल.

आता तीच १८.५ टनांची गाडी. समजा, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर ५ मीटर आहे. रिकामी असताना पुढे ३.६ टन, मागे ३.३ टन. आपण ११ टन माल भरला. एकूण १७.९ टन, म्हणजे हद्दीच्या आत.

माल भरताना हमालांनी सोयीसाठी जड नग मागे फाळक्याकडे लावले, त्यामुळे मालाचा तोल, म्हणजे त्याच्या वजनाचा मध्य, मागच्या ॲक्सलच्या फक्त ८० सेंटीमीटर पुढे आला. मग मालातलं १.७६ टन पुढच्या ॲक्सलवर जातं, उरलेलं ९.२४ मागच्यावर. पुढे एकूण ५.३६ टन, मागे १२.५४. मागचा ॲक्सल एक टनाने ओव्हरलोड, आणि पावतीवर सगळं छान दिसतंय.

तोच माल अर्धा मीटर पुढे सरकवला, तोल मागच्या ॲक्सलच्या १.३ मीटर पुढे आला, तर पुढे ६.४६ आणि मागे ११.४४ होतात. दोन्ही आत. गाडी तीच, माल तोच, भाडं तेच. फरक फक्त हमालांना आधी सांगण्याचा. स्टीलची कॉइल, संगमरवराच्या लाद्या, मशिनरी अशा कमी जागेत बसणाऱ्या जड मालाला हे फार लागू आहे. वाळू किंवा गोण्यांसारखा माल सगळ्या डाल्यात पसरतो, तिथे तोल बहुधा आपोआप जमतो. उलट बाजूही सांगून ठेवतो: जड नग थेट केबिनला टेकवला तर पुढचे ७ टन ओलांडतात, स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि पुढचे टायर कडेने झिजायला लागतात.

ॲक्सलचं वजन घरच्या काट्यावर असं काढा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवा, आकडा टिपा. मग पूर्ण गाडी घ्या, आकडा टिपा. वजाबाकी म्हणजे मागचं वजन. काट्याच्या आधीची जमीन काट्याच्या पातळीला असली पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो. काटेवाला एका गाडीची दोन वजनं करायला कंटाळतो, दहा-वीस रुपये जास्त द्या.

लिफ्ट ॲक्सलवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या गाडीचा एक ॲक्सल वर उचलता येतो त्यांच्यासाठी, एक गोष्ट वेगळी. आरसीवरचं एकूण वजन त्या ॲक्सलसकट धरलेलं असतं. टायर वाचवायला भरल्या गाडीत तो उचलून ठेवला की त्याचा भार शेजारच्या ॲक्सलवर येतो आणि कागदावर बरोबर असलेली गाडी रस्त्यावर ओव्हरलोड होते. ड्रायव्हर हे करतात. मालकाने विचारत राहावं.

कोणी म्हणेल, एका टनाने काय होतंय. १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवून चाचणी घेतली होती, तेव्हापासून रस्ता बांधणारे इंजिनीअर एक ठोकताळा वापरतात: ॲक्सलचं वजन वाढतं त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. सव्वापट वजन म्हणजे जवळपास अडीचपट झीज. बोरघाट किंवा कसारा घाट भरल्या गाडीने उतरलेल्याला ब्रेकचं वेगळं सांगायला नको. लायनर तापून जळका वास यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि आपली हद्द कंजूष आहे असं वाटत असेल तर, अमेरिकेत आंतरराज्य महामार्गावर पाच ॲक्सलच्या ट्रेलरला सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सव्वाछत्तीस टन आहे. तिथल्या जोड-ॲक्सलला साडेपंधरा टनांच्या आत राहावं लागतं, आपल्याकडे २१. यूट्यूबवर तिथल्या गाड्या बघून उसासे टाकणाऱ्यांनी हेही बघावं.

पायरी ५: लांबी, रुंदी, उंची

मापांचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९३ मध्ये आहेत. जून २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. रुंदी २.६ मीटरच्या आत. एकसंध ट्रकची लांबी १२ मीटरपर्यंत. मालट्रकची उंची आधी ३.८ मीटर होती, आता ४ मीटर. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरला ४.५२ मीटर. ही उंची जमिनीपासून मोजायची, डाल्याच्या तळापासून नाही.

मालाबद्दलचा नियम याहून कडक आहे. माल बॉडीच्या बाजूंना, पुढे किंवा मागे बाहेर आलेला चालत नाही. पूर्वी मागे मीटरभर माल बाहेर ठेवायची सवलत होती. बाहेर आलेल्या सळयांवर मागून गाड्या आदळून माणसं मरत होती, म्हणून २०१४ साली ती काढली. लाल फडकं बांधलं की चालतं, हा समज त्या जुन्या काळातला आहे.

सळईचंच बघा. जालन्याच्या कारखान्यांतून सळई बहुधा १२ मीटर लांबीची निघते. डाला २२ किंवा २४ फुटी, म्हणजे सात मीटरच्या आसपास. सरळ सळई बसणारच नाही. म्हणून ती मधून वाकवून, दुमडून भरतात. ठेकेदाराला सरळच हवी असेल तर ४० फुटी ट्रेलर लागेल, आणि त्याचं भाडं वेगळं. हे बोलणं भाडं ठरवतानाच झालं पाहिजे. कारखान्याच्या गेटवर ठेकेदार फोनवर "थोडी बाहेर राहिली तर काय होतं" म्हणायला लागला की तुम्ही फसलात, कारण दंड गाडीला होतो. कलम १९४ मधल्या पोटकलमानुसार माल बाहेर आला किंवा उंचीच्या वर गेला तर २०,००० रुपये, शिवाय माल उतरवायचा खर्च.

उंचीत अडकतो तो हलका माल: कडबा, भुसा, कापूस, रिकामी क्रेट. वजन जेमतेम निम्मं असतं आणि गाडी मात्र फुगलेली. विदर्भ-खानदेशात कापसाच्या हंगामात दोन्ही बाजूंना पोटं सुटलेल्या गाड्या रस्ताभर दिसतात, म्हणून त्या कायदेशीर ठरत नाहीत. एक बांबू चार मीटरवर खूण करून गोदामात ठेवा. ताडपत्री बांधून झाल्यावर गाडीशेजारी उभा केला की उंची कळते. गावातल्या रेल्वे पुलाखाली किंवा लोखंडी कमानीखाली उंची किती आहे, ते तिथल्या पाटीवर वाचून घ्यावं. रस्त्यावर डांबराचे नवे थर पडलेले असतील तर पाटीपेक्षा थोडी कमीच धरा.

पायरी ६: कंटेनर असेल तर

न्हावाशेव्याची लाइन करायची असेल तर कंटेनरच्या दारावरचे आकडे वाचायला शिका. तिथे त्याचं स्वतःचं वजन आणि कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. २० फुटी डबा रिकामा सव्वादोन टनांच्या आसपास, कमाल बहुतेकदा ३०.४८ टन. ती डब्याची ताकद झाली, तुमच्या गाडीची नव्हे. निर्यातीच्या मालाला १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्याआधी डब्याचं पडताळलेलं वजन द्यावं लागतं. भाडं घेताना तोच आकडा मागा, पार्टीचा (माल पाठवणाऱ्याचा) अंदाज नको.

५५ टनांच्या जोडीतून ट्रॅक्टर आणि ट्रेलरचे मिळून १५ टन गेले असं धरलं, तर मालाला ४० उरतात. वीस फुटी दोन डबे, प्रत्येकी २२ टन, म्हणजे ४४. एकेक डबा नियमात, दोन्ही मिळून चार टन जास्त. एकच जड डबा असेल तर तो ट्रेलरच्या शेपटाला ठेवू देऊ नका. यार्डातल्या क्रेनवाल्याला तेच सोपं पडतं, पण ट्रेलरचा मागचा गट त्याने भरतो आणि ट्रॅक्टरच्या चाकांवर पकड राहत नाही.

हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा डबा, २.९ मीटर उंच. ट्रेलरचा तळ जमिनीपासून दीड मीटर धरला तर ४.४ होतात. ४.५२ च्या आत, पण वर काही बांधायला जागा नाही.

पायरी ७: रस्त्यावर गाडी थांबवली तर

महाराष्ट्रात आरटीओचं वायुवेग पथक (फिरतं तपासणी पथक) कुठेही उभं असू शकतं, आणि बऱ्याच टोलनाक्यांवर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे बसले आहेत. कलम ११४ नुसार अधिकारी तुम्हाला गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो, तो काटा तुमच्या पुढच्या वाटेपासून १० किलोमीटरच्या आत किंवा माल पोचायच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असेल तर. मागे फिरायला लावलं तर नम्रपणे विचारायला हरकत नाही. काट्यावर जायला नकार दिला, किंवा वजन होण्याआधीच माल काढला, तर दंड ४०,००० रुपये. ढाब्यामागे गाडी वळवून चार गोण्या उतरवायची आयडिया देणारे भेटतील, त्यांना हा आकडा सांगा.

ओव्हरलोडचा दंड १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. तीन टन जास्त म्हणजे २६,०००. टनाला हजार रुपये भाडं धरलं तरी त्या तीन टनांचे मिळाले असते तीन हजार. तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता जागेवर भरायचा दंड, राज्यं आपापल्या अधिसूचनेने ठरवतात, तेव्हा आपल्या आरटीओतला चालू तक्ता बघून ठेवा.

पैसे भरले की तसंच पुढे जाता येईल, हा दुसरा मोठा गैरसमज. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. काही राज्यं एकदा पैसे घेऊन ओव्हरलोड गाड्या पुढे सोडत असत, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बंद पाडलं. म्हणजे दुसरी गाडी तुम्हीच बोलवायची, हमाल तुम्हीच आणायचे, आणि उतरवलेल्या मालाची जबाबदारीही तुमचीच. ड्रायव्हरचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं, असं रस्ता सुरक्षेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ साली राज्यांना कळवलेलं आहे. चांगला ड्रायव्हर तीन महिने घरी बसला तर काय होतं, ते नव्या मालकाला पहिल्याच वर्षी कळतं. "मला माहीत नव्हतं, ड्रायव्हरने भरलं" हे मालकाचं म्हणणंही सहज चालत नाही, कारण कलम ११३ मध्ये गाडी मालकाच्या माहितीनेच नेली असं न्यायालयाला धरता येतं.

म्हणून निघताना ड्रायव्हरकडे तीन कागद एकत्र द्या: आरसीची प्रत, रिकाम्या गाडीची काटा पावती, भरलेल्या गाडीची काटा पावती. बिल्टीवरचं (मालासोबतच्या वाहतूक पावतीवरचं) वजन आणि काटा पावतीवरचं वजन जुळतंय ना, ते स्वतः बघा. दोन आकडे वेगळे निघाले की अधिकारी बाकीचंही खोदायला लागतो.

पायरी ८: माल मुळातच मोठा असेल तर

पवनचक्कीचं पातं, ट्रान्सफॉर्मर, कारखान्याचा बॉयलर. सातारा किंवा धुळ्याकडे अशा गाड्या तुम्ही पाहिल्या असतील, पुढे-मागे दिवे लावलेल्या जीप घेऊन जाणाऱ्या. हा माल तुकडे करून नेता येत नाही, म्हणून त्याला वेगळी परवानगी मिळते. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्यात गाडीची, मालाची मापं, वाट, वाटेतले पूल हे सगळं येतं. अशा मालासाठी हायड्रॉलिक ट्रेलर असतात, त्यांच्या एका ॲक्सल-ओळीला १८ टन धरतात. पुलांवरून एकट्याने आणि सावकाश जायचं, वळणांवर माणसं उतरून मापं घेणार, रात्रीची थांबायची जागा आधी ठरवलेली. नव्या माणसाने या कामात पडू नये. कोणी दलाल तुमच्या साध्या ४० फुटी ट्रेलरवर "फक्त दोन फूट जास्त रुंद आहे, चालून जाईल" असं मशीन टाकायला सांगत असेल, तर त्याच्याकडे परवानगीची प्रत मागा. ती तुमच्याच गाडीच्या नंबरवर आणि तुम्ही जाणार त्याच वाटेची असली पाहिजे, आणि त्यावरची मुदत संपलेली नसावी.